वसंतास पत्र : जपानी शाईपेनाविषयी

ता. वरुड, जि. अमरावती
२४ मे

प्रिय वसंता,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र परवा मिळाले. सेवानिवृत्तीच्या पैशांतून एक जपानी शाईपेन घ्यायचा आहे, तो मिरवण्यासाठी नसून रोज लिहिण्यासाठी हवा आहे, आणि कोणता घ्यावा हे मी सांगावे, असे तू लिहिले आहेस. पत्र वाचण्याआधी मी ते उलटे करून कागदाच्या पाठीवर बोट फिरवले. तुझा बॉलपेन पलीकडून हाताला लागतो. बँकेत कार्बन घालून तीन-तीन प्रती काढताना जो दाब द्यायला तू शिकलास, तो अजून गेलेला नाही, म्हणून पेनाआधी हाताबद्दल सांगतो. बॉलपेनची शाई घट्ट असते आणि तिच्यातली गोळी फिरवण्यासाठी दाबावे लागते. शाईपेनाला दाब मुळीच नको. कंदिलाची वात जसे रॉकेल आपोआप वर ओढून घेते, तशीच निबेखालची काळी जीभ शाई चिरेपर्यंत आणून ठेवते, आणि निब कागदाला नुसती टेकली की पुढचे काम कागद करतो. तू दाबलेस तर निबेची दोन पाती फाकतील आणि एकदा फाकलेली पाती पूर्वीसारखी जुळवणे आपल्या हातचे काम नाही. तेव्हा पहिला महिनाभर तरी महागडा पेन तुझ्या हातात पडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

माझे लिखाण तुला ठाऊक आहे. रोज संध्याकाळी संत्र्याच्या बागेची वही भरतो : कोणत्या ओळींना पाणी दिले, कोण मजुरीला आले, आंबिया बहाराची फळगळ किती झाली. त्यानंतर एखादे पत्र. हे सगळे मिळून दोन-अडीच पाने होतात. अशा साध्या कामासाठी मी पहिला जपानी पेन घेतला तो प्लॅटिनम कंपनीचा प्रेप्पी, २००७ साली बाजारात आलेला, पारदर्शक प्लास्टिकचा आणि दिसायला अगदी किरकोळ. त्याच्या निबेच्या जाडीचे आकडे दांडीवरच छापलेले असतात : ०२, ०३ आणि ०५, म्हणजे अनुक्रमे एक्स्ट्रा फाइन, फाइन आणि मीडियम. मी ०३ मागवला होता आणि पाकिटातून निघाला ०५. ज्यांच्याकडून मागवला त्यांनी बदलून देण्याचे कबूल केले खरे, पण परत पाठवण्याचा खर्च माझ्यावर घातला, म्हणून मी तोच ठेवून घेतला आणि दुसरा वेगळा मागवला. या गैरसोयीचा फायदा असा झाला की दोन जाड्या शेजारी-शेजारी लिहून पाहता आल्या, आणि तुला जे सांगायचे आहे त्यातले मुख्य तिथेच कळले.

मी वहीच्या अरुंद ओळीत ‘वैशिष्ट्यपूर्ण’ हा शब्द दोन्ही पेनांनी लिहिला. ०५ ने लिहिलेल्या शब्दात ‘ष्ट्य’ या जोडाक्षराचे पोट भरून गेले होते. ट आणि य एकमेकांना चिकटले होते आणि ‘र्ण’वरचा रफार शिरोरेषेत बुडाला होता. ०३ ने लिहिलेल्या शब्दात प्रत्येक वळण वेगळे वाचता येत होते. मग ‘उद्ध्वस्त’ लिहिला, ‘ज्ञानेश्वर’ लिहिला, दर वेळी तेच. जपानी निब युरोपीय निबेपेक्षा साधारण एक पायरी बारीक असते, म्हणजे त्यांची फाइन तिकडच्या एक्स्ट्रा फाइनच्या जवळ जाते, आणि त्याचे कारण त्यांच्या लिपीत आहे. ‘विषण्णता’ या अर्थाचे त्यांचे एक अक्षर २९ रेघांचे आहे; ते लहानशा चौकोनात बसवायचे तर निब बारीकच हवी. आपल्या जोडाक्षरांची अडचण त्याच जातीची आहे. रोमन लिपी लिहिणाऱ्याला जी निब सुईसारखी टोचते, ती मराठी लिहिणाऱ्याला नेमकी पुरते, हे मला कोणी सांगितले नव्हते.

एक गोष्ट मात्र आधीच कबूल करतो. आपण बोरूने कित्ता गिरवलेले लोक आहोत. तिरक्या कापलेल्या बोरूने उभी रेघ जाड, तिरपी बारीक अशी जी चढउतार येते, ती या गोल टोकाच्या निबेत नाही. अक्षर स्वच्छ येते पण जरा उपाशी दिसते. माझ्या सौभाग्यवतीने पहिली वही पाहून, ‘मुंग्या चालल्या आहेत’ असे म्हटले होते. पत्रांसाठी म्हणूनच मी ०५ वापरतो आणि ओळी सैल सोडतो. हे पत्र त्यानेच लिहीत आहे. तुला एकच घ्यायचा असेल तर फाइन घे.

कंपन्यांची माहिती तू विचारली आहेस म्हणून थोडक्यात लिहितो. मुख्य तीन : सेलर, जी १९११ मध्ये हिरोशिमाजवळच्या कुरे या नौदलाच्या बंदरात सुरू झाली, पायलट, जी १९१८ मध्ये र्योसुके नामिकी आणि मासाओ वादा यांनी काढली, आणि प्लॅटिनम, १९१९ ची. नामिकी हे व्यापारी जहाजांवरील अधिकारी घडवणाऱ्या शाळेत शिकवीत असत, आणि ‘पायलट’ म्हणजे विमान चालवणारा नव्हे तर जहाजाला बंदरात वाट दाखवणारा. आपण दोघांनी समुद्र पहिल्यांदा पाहिला तो वयाच्या पंचविशीनंतर, आणि आपल्या हातात पेन आले ते खलाशी आणि वाटाड्या यांच्या नावांचे, याची मला गंमत वाटते.

आता उन्हाळ्याविषयी, कारण पेन निवडताना आपल्या भागात हाच खरा मुद्दा आहे आणि पुण्या-मुंबईचे लोक तो कधी सांगत नाहीत. आज इथे पारा ४५ अंशांवर आहे. कूलर दिवसभर घरघरतो तरी टेबलावरची दौत उघडी राहिली तर शाई कोमट होते. शाळेत असताना माझ्याकडे जो शाईपेन होता तो एप्रिल-मेमध्ये दोन दिवस पडून राहिला की निब सुकत असे, मग ती पाण्यात बुडवा, झटका, भिंतीवर शिंतोडे उडवा. प्लॅटिनमच्या टोपणात आणखी एक लहान टोपण असते आणि त्याच्या मागे स्प्रिंग. टोपण लावताना हे आतले टोपण निबेच्या भोवती दाबून बसते आणि हवा आत-बाहेर जात नाही. या सोयीमुळे प्रेप्पीतली शाई वर्षभर सुकत नाही, असा कंपनीचा दावा आहे. मी वर्षभर ठेवून पाहिले नाही, पण गेल्या वर्षी मुलीकडे गेलो असताना एक प्रेप्पी बागेतल्या खोलीत राहून गेला, पत्र्याच्या छपराखाली, एप्रिलपासून जूनपर्यंत. परत आल्यावर टोपण काढले आणि पहिल्याच रेघेला शाई आली. त्या खोलीत तेवढ्या दिवसांत माठही कोरडा पडला होता.

उन्हाळ्याने मला फसवले ते मात्र दुसऱ्या बाजूने, आणि दोष माझाच होता. प्रेप्पीची दांडी बंद आणि बिनछिद्राची असते, म्हणून काही हौशी लोक काडतूस, म्हणजे आत बसवायची शाईची तयार नळी, काढून टाकतात, आट्यांवर रबरी रिंग बसवतात आणि सगळी दांडीच शाईने भरतात. मोटार दुरुस्त करणाऱ्याकडून मी रिंग आणली, दांडी भरली, आणि पंधरा दिवस फार खूश होतो. दांडी अर्धी रिकामी झाल्यावर एके दिवशी दुपारी तो पेन खिशाला लावून बागेत गेलो. रिकाम्या जागेतली हवा अंगाच्या आणि उन्हाच्या उष्णतेने फुगली आणि तिने शाई जिभेतून बाहेर ढकलली. मला कळलेच नाही. संत्र्याच्या झाडाखाली बसलेला आमचा सालदार म्हणाला, ‘गुरुजी, तुमच्या खिशातून तं शाई गळून राह्यली ना!’ पांढऱ्या सदऱ्यावर डाव्या बाजूला तळहाताएवढा निळा डाग होता. सदरा आता बुजगावण्याच्या अंगावर आहे. काडतूस किंवा पंप, म्हणजे दट्ट्याने शाई ओढून घेणारी नळी, वापर; त्यात हवा थोडी असते. आणि दांडी भरायचीच असेल तर अर्धी होण्याआधी पुन्हा भर, खिशाला लावू नकोस.

काडतुसांची एक अडचण सांगून ठेवतो. या तिन्ही कंपन्यांची काडतुसे वेगवेगळ्या तोंडांची आहेत, एकाचे दुसऱ्याला बसत नाही, आणि आपल्या तालुक्याच्या दुकानात तर एकही मिळत नाही. मी औषधाच्या दुकानातून पाच मिलीची सिरिंज आणली आहे आणि रिकामे काडतूस धुऊन तेच पुन्हा-पुन्हा भरतो. एक काडतूस असे वर्षभर चालले आहे.

शाई कोणती, हा प्रश्न तू सगळ्यात शेवटी विचारलास, पण तो आधी विचारायला हवा होता. स्टेशनरीच्या एका दुकानदाराने मला ‘शाई ती शाई, गुरुजी’ असे म्हणून चित्रकलेची पक्की काळी शाई दिली होती. तिने एक पेन कायमचा मेला. ती शाई जिभेच्या बारीक खाचांत वाळून बसते आणि पाण्याने सुटत नाही. बाटलीवर फाउंटन पेनसाठी असे स्पष्ट लिहिलेले असल्याखेरीज शाई घेऊ नकोस. रोजच्या कामाला कॅम्लिनची साधी उंट छाप निळी उत्तम आहे. दिगंबर परशुराम दांडेकर यांनी मुंबईत १९३१ मध्ये हा धंदा सुरू केला, आणि २०११ मध्ये जपानच्या कोकुयो कंपनीने कॅम्लिनचा मोठा हिस्सा घेतला, म्हणजे जपानी पेनात ही शाई घातली तर घरचेच सोयरे भेटल्यासारखे आहे. जमिनीचे व्यवहार, हिशेब, टिकायलाच हवा असा मजकूर, यासाठी मी प्लॅटिनमची ब्लू-ब्लॅक आणवली आहे. हिरडा आणि हिराकस यांच्यापासून जी काळी शाई पूर्वी होई, तिच्याच जातीची ही आहे. लिहिताना निळी दिसते, मग हवा लागून काळवंडत जाते आणि पाणी सांडले तरी अक्षर पुसून जात नाही. मात्र दोन-तीन आठवड्यांनी पेन साध्या पाण्याने धुवावा लागतो. तेवढी शिस्त तुझ्यात आहे, माझ्यात नव्हती, लावून घेतली.

आता चांगल्या पेनाचे सांगतो. सेवानिवृत्तीच्या दिवशी मुलीने मला प्लॅटिनमचा ३७७६ सेंच्युरी दिला. हा आकडा म्हणजे फुजी पर्वताची मीटरमधली उंची. निब १४ कॅरेट सोन्याची आहे, तिच्यावर हृदयाच्या आकाराचे एक छिद्र आहे, आणि आतल्या टोपणाची तीच व्यवस्था याही पेनात आहे. इथे कंपनी शाई दोन वर्षे न सुकण्याची हमी देते. मी समजलो होतो की सोन्याची निब लोण्यासारखी चालेल. ती तशी चालत नाही. कागदावर ती किंचित जाणवते, पाटीवर नवी पेन्सिल टोकदार करून लिहिताना जशी जाणवायची तशी, आणि रात्री घर शांत असेल तर ऐकूही येते. पहिले दोन दिवस मला वाटले की निबेत खोट आहे. तिसऱ्या दिवशी लक्षात आले की या जाणवण्यामुळेच माझा हात पळत नाही, वेलांटी पुरी होते आणि काना अर्ध्यावर सुटत नाही. पंपात शाई जेमतेम अर्धा मिली मावते, तरी माझ्या लिखाणाला ती पाच-सहा दिवस पुरते. शिरोरेषा ओढताना या निबेचा जो आनंद आहे तो मला लिहून दाखवता येत नाही. डावीकडून उजवीकडे हात सरळ जातो आणि रेघ शेवटपर्यंत एकाच जाडीची राहते. कधी कधी शब्द लिहून झाल्यावर केवळ रेघ ओढायला मिळावी म्हणून मी पुढचा शब्द लांबीचा निवडतो. हसू नकोस.

पायलटचा कॅपलेस तू पाहिला असशील. खटका दाबला की निब बाहेर येते, १९६३ पासून तो निघतो आहे. माझ्या हाताला तो जमला नाही, कारण त्याचा क्लिप निबेच्याच बाजूला असतो आणि माझी बोटे नेमकी तिथे येतात. तुझी पकड वेगळी असेल. पण हातात धरून पाहिल्याशिवाय एवढे पैसे घालू नकोस. नातीसाठी मात्र डोळे मिटून पायलटचा काकुनो घे. तो २०१३ मध्ये मुलांसाठी काढला आहे. दांडी षट्कोनी असल्यामुळे तो टेबलावरून घरंगळत नाही, पकड तीन बाजूंची आहे, आणि निबेवर एक हसरा चेहरा कोरलेला आहे. चेहरा आपल्याकडे पाहत असला म्हणजे पेन बरोबर धरला आहे, एवढेच मुलाला सांगायचे. माझ्या नातीने दाबून लिहिणे सोडले ते ‘त्याचं नाक चेपेल’ या भीतीने. तुझ्यासाठीही दोन दिवस तोच वापरायला हरकत नाही.

कागदाविषयी लांबण लावत नाही. स्वस्त वहीत शाई फुटते; बारीक निबेने ती कमी फुटते, आणि तेवढे आपल्याला पुरे.

तेव्हा असे कर. आधी ०३ चा प्रेप्पी मागव, पावतीवर आकडा तपासून घे, आणि एक महिना त्यानेच मला पत्रे लिही. कागदाची पाठ गुळगुळीत आली की मी कळवीन, मग सेंच्युरीचे पाहू. मृग लागला की तू इकडे येणारच आहेस, तेव्हा माझा पेन तासभर तुझ्या हातात देईन; त्याहून जास्त नाही. पहिल्या पत्राच्या पहिल्या ओळीत ‘वैशिष्ट्यपूर्ण’ हा शब्द कुठेतरी बसव. कोणती निब आली आहे ते मी त्यावरून ओळखीन.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
नारायण