मिस्त्रीकाका, आमच्या गाडीचं अ‍ॅव्हरेज तुम्ही परत आणलंत

कळवा, ठाणे

आदरणीय मिस्त्रीकाका,
सा. न. वि. वि.

समोर येऊन आभार मानायला लागलं की तुम्ही "वहिनी, चहा घ्या" म्हणून विषयच संपवता. म्हणून चारचौघांना वाचता येईल असं हे पत्र लिहितेय. जुन्या गाडीवर ज्यांचं पोट आहे, त्या प्रत्येक घरापर्यंत तुमची कामाची पद्धत पोचावी असं मला मनापासून वाटतं.

आमचा छोटा हत्ती, म्हणजे टाटा एसचा टेम्पो, सेकंडहँड घेतलेला. दोन सिलिंडरचं, ७०० सीसीचं डिझेल इंजिन. पहाटे तुर्भ्याच्या मार्केटमधून भाजी उचलायची आणि ठाणे-बेलापूर रोडने दिघा, विटावा करत ठाण्यातल्या खानावळींना पोचवायची. गाडी आमचे हे चालवतात, हिशोबाची वही माझ्याकडे. फेऱ्या त्याच, माल तेवढाच, पण डिझेलचा खर्च दर महिन्याला चढत होता. भाजीच्या धंद्यात असला खर्च गिळायला जागा नसते. आधी एका ठिकाणी गाडी दाखवली, तर त्यांनी नीट न बघताच "पंप-नोझलचं काम निघणार", म्हणजे इंजिनात डिझेल सोडणाऱ्या भागांचं, म्हणून सांगितलं. त्यांनी सांगितलेली रक्कम ऐकून आमच्याकडे गाडी विकायची भाषा सुरू झाली होती.

तुम्ही पान्याला हात लावायच्या आधी विचारलंत, "अ‍ॅव्हरेज किती देते?" आणि "कमी देते" या उत्तरावर समाधान मानलं नाहीत. टाकी फुल करायची, पंपाची नळी पहिल्यांदा आपोआप बंद पडली की तिथेच थांबायचं, वरून आणखी भरायचं नाही. मीटरचे किलोमीटर लिहायचे. पुढच्या वेळी त्याच पंपावर तशीच फुल करायची, मधल्या किलोमीटरला आता भरलेल्या लिटरने भागायचं. एका वेळच्या आकड्यावर विश्वास ठेवायचा नाही, तीन-चार वेळचं बघायचं. हे सगळं तुम्ही यांना न सांगता मला सांगितलंत. "वही ज्यांच्याकडे, त्यांनाच सांगतो" म्हणालात. गॅरेजमध्ये बाईशी कामाचं कुणी सरळ बोलतं असा माझा अनुभव नाही, म्हणून ते विसरणार नाही.

आकडा लिटरला १२-१३ किलोमीटरच्या पुढे जाईना. मग तुम्ही इंजिन सोडून चाकांकडे वळलात. गाडी नुकतीच कळव्याहून चालवत आणलेली. तुम्ही मागच्या दोन्ही चाकांच्या ब्रेक-ड्रमजवळ हात नेलात आणि मलाही न्यायला लावलात. उजवीकडे कोमट, डावीकडे चांगली धग लागत होती. जॅकवर उचलून, गिअर काढून, हँडब्रेक सोडून तुम्ही चाकं हाताने फिरवलीत. उजवं चाक फिरत राहिलं. डावं अर्ध्या फेऱ्यात खस्स करून थांबलं. हँडब्रेकची केबल पावसाच्या पाण्याने गंजून आतल्या आत अडकली होती. हँडब्रेक खाली केला तरी त्या चाकाचे लायनर, म्हणजे ड्रमला आतून घासून चाक थांबवणाऱ्या पट्ट्या, पूर्ण सुटतच नव्हते. ड्रम उघडला तेव्हा आत काळ्या भुकटीचा थर होता आणि लायनर काचेसारखा गुळगुळीत झालेला. म्हणजे ब्रेक लावून गाडी ओढायची आणि त्याचे पैसे डिझेलवर भरायचे, असं चाललं होतं.

दुसरी गोष्ट तर आमच्या कुणाच्या डोक्यातही आली नसती. तापमानाचा काटा नेहमी खालीच असायचा आणि आम्हाला वाटायचं, बरं आहे, इंजिन तापत नाही. तुम्ही म्हणालात, "डिझेल इंजिन थंड राहणं चांगलं नाही." गाडी गरम होऊ नये म्हणून आधीच्या कुणीतरी थर्मोस्टॅटच, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडपच, काढून टाकला होता. त्यामुळे पाणी पहिल्या मिनिटापासून रेडिएटरमध्ये फिरायचं आणि इंजिन कामाच्या तापमानाला, म्हणजे साधारण ८० ते ९० अंशांना, पोचायचंच नाही. थंड इंजिनात डिझेल नीट जळत नाही आणि ऑइल घट्ट राहिल्याने इंजिनाला जोरही जास्त लागतो. थर्मोस्टॅट बसवून घेतला, पण त्याआधी रेडिएटर आणि पंखा ठीक आहेत याची तुम्ही खात्री करून घेतलीत, हे मला फार आवडलं.

एअर फिल्टर मातीने गच्च भरलेला होता, तो बदलला. चढावर काळा धूर यायचा तो हवा कमी पडल्यामुळे असणार, असा तुमचा अंदाज होता. "फिल्टर बदलूनही धूर राहिला, तरच नोझल टेस्टिंगला देऊ." धूर गेला, नोझलला हात लागला नाही. टायरची हवा आता सकाळी टायर थंड असताना, मालाच्या वजनाप्रमाणे बघतो. रिकामे क्रेट दिवसभर गाडीत फिरवत नाही. मार्केटच्या गेटवर रांग लांब असली की इंजिन बंद.

काका, वहीत आता अ‍ॅव्हरेज सलग १६ च्या वर लागतंय. विटाव्याच्या पुलाखाली अडकलो त्या दिवसांसकट. गाडी विकायचा विषय घरात कुणी काढत नाही. तुम्ही पंपाचं काम काढलं असतंत तरी आम्ही गपचूप पैसे दिले असते. तुम्ही एक केबल, लायनर, थर्मोस्टॅट आणि फिल्टर एवढ्याचेच पैसे घेतलेत, आणि जुने पार्ट पिशवीत घालून माझ्या हातात दिलेत. त्याबद्दल तुमचे किती आभार मानू?

पुढच्या आठवड्यात माझे धाकटे दीर त्यांची पिकअप घेऊन तुमच्याकडे येतील. तीही जुनीच आहे. ते घाईचे आहेत, आल्या आल्या "नोझल बदला" म्हणतील. त्यांना आधी टाकी फुल करून यायला लावा. वही मी देऊन ठेवली आहे.

आपली,
कळव्याची वहिनी