प्रिय संदीप, आधी ऑपरेशन्समध्ये ये

पुणे,
रविवार दुपार

प्रिय संदीप,

तुझा मेसेज वाचला. फोनच करणार होतो, पण फोनवर तू 'हो हो, करतो' म्हणतोस आणि पुढे ढिम्म हलत नाहीस. म्हणून लिहूनच पाठवतोय. आबांनाही वाचायला दे, म्हणजे पोरगं पुण्याला जाऊन नक्की काय करणार ते त्यांनाही कळेल.

तुझं दुखणं कळलं. बी.एस्सी. स्टॅटिस्टिक्स, मधली वर्षं एमपीएससीत गेली, कॉमर्सचा गंध नाही, आणि जाहिरात उघडावी तर 'किमान एक वर्षाचा अनुभव'. नोकरी नाही म्हणून अनुभव नाही, अनुभव नाही म्हणून नोकरी नाही. यावर तू काढलेला उपाय म्हणजे थेट सीएफए, गुंतवणूक विश्लेषणाची तीन लेव्हलची परीक्षा. गड्या, थांब जरा. पहिल्या लेव्हलची फीच लाखाच्या घरात जाते. तिन्ही लेव्हल पास झालास तरी चार्टर (नावापुढे सीएफए लावायचा हक्क) मिळायला संबंधित कामाचे 4,000 तास दाखवावे लागतात. म्हणजे नोकरी तिथेही चुकत नाही. सीएफए वाईट नाही, जरूर कर, पण पगार सुरू झाल्यावर आणि स्वतःच्या पैशाने. आबांना उसाच्या बिलातून भरायला लावू नकोस.

तुला इन्व्हेस्टमेंट बँकर व्हायचंय, ठीक आहे. पण ती जागा आयआयएमवाल्यांना आणि सीएंना कॅम्पसवरच मिळते, आपल्या कॉलेजात ते लोक फिरकतसुद्धा नाहीत. आपल्यासारख्यांना भरतात ते ऑपरेशन्समध्ये, म्हणजे झालेल्या सौद्यांचं पुढचं काम आणि हिशोब बघणाऱ्या विभागात. खराडी, येरवडा, मगरपट्टा या पट्ट्यात परदेशी बँकांची मोठमोठी ऑफिसं आहेत: बार्कलेज, डॉइश बँक, बीएनवाय, नॉर्दर्न ट्रस्ट. तिथे केवायसी, ट्रेड सेटलमेंट (सौद्याचे शेअर आणि पैसे पोचते करणं), फंड अकाउंटिंग, रेको (दोन ठिकाणचे हिशोब जुळवणं) अशा टीम असतात आणि त्यांत कॉमर्स नसलेले ग्रॅज्युएटही घेतात. लोक नाक मुरडतात, 'बॅक ऑफिस' म्हणतात. म्हणू देत.

मी रेकोत लागलो तेव्हाचं एक काम सांगतो. आमच्या पुस्तकात एका फंडाचे एका कंपनीचे 2,000 शेअर, कस्टोडियनच्या, म्हणजे फंडाचे शेअर सांभाळणाऱ्या बँकेच्या, स्टेटमेंटमध्ये 1,000. याला 'ब्रेक' म्हणतात, आणि तो का आला हे शोधून वेळेत मिटवायचा असतो. शोधल्यावर निघालं की कंपनीने एकास एक बोनस दिलाय, म्हणजे प्रत्येक शेअरमागे एक फुकट, आणि एक्स-डेट (ज्या दिवसापासून शेअर बोनसशिवाय विकला जातो) होऊन गेलीय म्हणून आमच्या सिस्टिमने शेअर दुप्पट केले, पण नवे शेअर खात्यात अजून जमा व्हायचेत. दोन्ही पुस्तकं आपापल्या जागी बरोबर. आता यात आमच्या सिस्टिमने 1,000 च धरले असते तर? बोनसनंतर भाव निम्म्यावर आलेला, म्हणजे त्या शेअरची किंमत फंडात निम्मीच दिसली असती आणि एनएव्ही, म्हणजे फंडाच्या एका युनिटची किंमत, खाली गेली असती. असे ब्रेक वर्षभर मिटवलेस की कॉर्पोरेट ॲक्शन (बोनस, लाभांश असे कंपनीचे निर्णय) हा धडा पाठ करावा लागत नाही.

शिफ्टचं मात्र आधी सांगून ठेवतो. अमेरिकेचा बाजार आपल्याकडे उन्हाळ्यात रात्री दीडला आणि हिवाळ्यात अडीचला बंद होतो. त्यात 28 मे 2024 पासून तिकडेही टी प्लस वन झालंय, म्हणजे सौद्यानंतरच्या पहिल्याच कामाच्या दिवशी सेटलमेंट. आपल्याकडे ते जानेवारी 2023 मध्येच पूर्ण झालं होतं. अमेरिकेतल्या या बदलामुळे चूक निस्तरायला मिळणारा एक दिवस गेला आणि आमच्या रात्री वाढल्या. कॅब मिळते, पण झोपेचं खोबरं होतं. आणि एकाच प्रोसेसमध्ये रुतून बसू नकोस. दीड-दोन वर्षांत अंतर्गत बदली मागायचीच, रिस्कमध्ये नाहीतर क्रेडिटमध्ये, म्हणजे कर्ज द्यायचं की नाही हे तपासणाऱ्या टीममध्ये. पाच वर्षं तीच एक शीट भरणारे माझ्या फ्लोअरवर आहेत. माणसं चांगली आहेत, पण आता त्यांना दुसरीकडे कोणी घेत नाही.

आता तयारी. एनआयएसएमची सिरीज सात दे, सिक्युरिटीज ऑपरेशन्स आणि रिस्क मॅनेजमेंट. एनआयएसएम ही सेबीने, म्हणजे शेअर बाजाराच्या नियामकाने, काढलेली संस्था आहे. 100 मार्कांचा पेपर, वेळ दोन तास, पासिंग 50 ला, चुकीच्या उत्तराला पाव मार्क कापतात. पुस्तक त्यांच्या साइटवर फुकट मिळतं. एमपीएससीचा अभ्यास केलेल्या माणसाला हे जड नाही, महिन्यात होईल. एक्सेल हाताला बसव. व्हीलुकअप (एका यादीतली माहिती दुसरीत शोधून आणणं) आणि पिव्होट (मोठ्या यादीचा गोषवारा) तर बघता बघता यायला हवेत, कारण इंटरव्ह्यूत लॅपटॉप पुढे सरकवून करून दाखवायला सांगतात.

अकाउंट्सचा एक प्रश्न जवळजवळ ठरलेला असतो: घसारा (मशिनरीच्या झिजेपोटी धरलेला खर्च) 100 रुपयांनी वाढला तर तिन्ही स्टेटमेंटमध्ये, म्हणजे नफा-तोटा, कॅश फ्लो आणि ताळेबंदात, काय होईल? कर 25 टक्के धर. नफा 75 ने घटतो. कॅश फ्लोमध्ये तो 75 चा खड्डा, पण घसाऱ्यात खिशातून काही जात नाही म्हणून 100 परत मिळवायचे. म्हणजे रोकड 25 ने वाढली, तेवढा कर वाचला. ताळेबंदात मशिनरी 100 ने कमी, रोकड 25 ने जास्त, एकूण मालमत्ता 75 ने कमी. समोरच्या बाजूला राखीव नफाही 75 ने कमी. जुळलं. हे घोकू नकोस, कागदावर आकडे बदलून बदलून कर.

आणि अनुभवाचं म्हणशील, तर साखर कारखान्याचं सांग. हसू नकोस. कायद्याने उसाची एफआरपी, म्हणजे केंद्राने ठरवलेला किमान दर, 14 दिवसांत द्यायची असते, आणि साखर विकायची वर्षभर, तीही केंद्राने महिन्याला ठरवून दिलेल्या कोट्याप्रमाणे. देणं आज, येणं पुढच्या दिवाळीपर्यंत. मधली खिंड बँक लढवते. गोदामातली साखर तारण ठेवून उचल देते. साखरेचा भाव पडला की तारणाचं मूल्यांकन उतरतं, उचल कमी होते आणि आबांचं बिल लटकतं. देणं आणि येणं यांच्यामधल्या या पैशालाच खेळतं भांडवल म्हणतात, आणि कॉमर्सची मुलं ते पुस्तकातून पाठ करून येतात. तुझ्या घरात त्यावरून भांडणं झालीत. क्रेडिटच्या इंटरव्ह्यूत हे पाच मिनिटं नीट सांगितलंस ना, तर समोरचा पेन खाली ठेवून ऐकेल.

असंच एखाद्या कंपनीचं वाचून ठेव. तुझा चुलतभाऊ कागलला किर्लोस्कर ऑइल इंजिन्समध्ये आहे ना? त्यांचा वार्षिक अहवाल बीएसईच्या साइटवर फुकट मिळतो. सुरुवातीचे रंगीत फोटो सोड. कॅश फ्लो, येणी आणि नोट्स वाच. नफ्याच्या मानाने रोकड येतेय का, ग्राहकांकडची येणी विक्रीपेक्षा भरभर वाढतायत का, एवढंच बघ आणि एका पानात लिही. सत्यमच्या ताळेबंदात पाच हजार कोटींच्या वर रोकड आणि बँक शिल्लक नुसती कागदावर होती, 2009 मध्ये उघड झालं. तेव्हापासून लोक रोकडीकडे जरा जास्तच संशयाने बघतात, ते बरंच आहे.

दोन गोष्टी करू नकोस. एक, 'शंभर टक्के प्लेसमेंट' म्हणून आधी पैसे मागणाऱ्याला एक रुपया देऊ नकोस. कोणतीही धड बँक नोकरीसाठी डिपॉझिट घेत नाही. दुसरं, सीव्हीवर 'ऑप्शन ट्रेडिंगचा अनुभव' लिहू नकोस. सेबीच्याच अहवालाप्रमाणे 2021-22 ते 2023-24 या तीन वर्षांत शेअरच्या फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या किरकोळ लोकांपैकी 93 टक्के तोट्यात गेले. घेणाऱ्यालाही हे माहीत असतं.

एमपीएससीची वर्षं लपवू नकोस. 'परीक्षा दिली, झाली नाही, आता इकडे आलो' असं सरळ सांग आणि पुढच्या प्रश्नावर जा. गॅपपेक्षा गॅपची रडकथा जास्त खटकते. इंग्रजीचं टेन्शन घेऊ नकोस. आमच्या कॉलवर लंडन, मनिला, चेन्नई सगळे आपापल्या इंग्रजीत बोलतात. तुझं ऐकू येतं आणि मुद्दा कळतो, बास.

सीव्ही एका पानात कर, वडिलांचं नाव, जन्मतारीख, छंद सगळं काढ, आणि बुधवारपर्यंत पाठव. आमच्याकडे ओळखीतून नाव देता येतं. त्याने नोकरी मिळत नाही, पण सीव्ही उघडला तरी जातो. जागा पुढच्या महिन्यात निघतील असं टीम लीड म्हणत होते. पेपरची तारीख त्याआधीची घे. रूमवर एक कॉट रिकामी आहे, पहिला पगार होईपर्यंत भाड्याचं नाव काढू नकोस. मेसचं मात्र तुझं तू बघ, कारण मेसवाल्या काकू उधारी ठेवत नाहीत.

आबांना आणि काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
अमोल

ता. क. बुधवारी फोन करीन तेव्हा घसाऱ्याचा प्रश्न विचारणार आहे, 40 टक्के कर धरून.