पठारावरचे कोरोनाविषाणू आणि आमच्या होड्या : ताईंना जाहीर पत्र

ताई, सप्रेम नमस्कार.

हे पत्र तुमच्या घरच्या पत्त्यावरच धाडणार होतो. पण भिगवणच्या पक्ष्यांबद्दलचा तो मेसेज सगळ्यांनी वाचला, तर त्याचं उत्तर कुणी दिलं तेही सगळ्यांना कळू दे, म्हणून उघड लिहितोय.

मेसेज असा होता : ‘तिबेटच्या प्राण्यांत नवा कोरोना सापडला. तिथलेच पक्षी उजनीला येतात. भिगवणला जाऊ नका.’ खाली कुठल्यातरी परदेशी बदकांचा फोटो. ऐन हंगामात बुकिंग रद्द व्हायला लागली. कुंभारगावात आम्ही मासेमारी करणारी माणसं, हिवाळ्यात होडीतून रोहित (फ्लेमिंगो) आणि पट्टकादंब (डोक्यावर काळे पट्टे असलेले हंस) दाखवून चार पैसे मिळतात. म्हणून तुम्हाला विचारलं, आणि मला तुमच्याकडून एकच वाक्य हवं होतं : ‘घाबरू नका.’ तेवढं पुढे पाठवलं की झालं, असा माझा हिशोब.

तुम्ही ते वाक्य दिलंच नाहीत, त्याचेच आभार मानायचेत.

मेसेजमधली निम्मी गोष्ट खरी आहे, इथूनच तुम्ही सुरुवात केलीत. चिंगहाई-तिबेटचं पठार सरासरी ४,००० मीटरच्या वर. तिथल्या वन्य प्राण्यांत चिनी संशोधकांना बीटा गटातले आणि डेल्टा गटातले नवे कोरोनाविषाणू आढळले, आणि २०२१ मध्ये ते प्रसिद्धही झालं. उंचीमुळे विषाणू जन्माला येत नाही, तिथं आजवर फारसं कुणी शोधलं नव्हतं इतकंच, हे तुमचं म्हणणं मला पटलं. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेलाही २०२० मध्ये केरळ, हिमाचलकडच्या वटवाघळांत कोरोनाविषाणू मिळालेच की.

मग ते शोधतात कसे, ते सांगितलंत. विष्ठेचा किंवा गुदद्वाराचा नमुना घ्यायचा, गोठवून प्रयोगशाळेत न्यायचा आणि सगळ्या कोरोनाविषाणूंत जवळपास सारखा असणारा जनुकाचा भाग पीसीआरने (त्या भागाच्या असंख्य प्रती काढणाऱ्या चाचणीने) हुडकायचा. मिळालेल्या तुकड्याची अक्षरं वाचून ओळखीच्या विषाणूंशी ताडून बघायची. हाती येतो तो तुकडा. जिवंत विषाणू वाढवून दाखवणं निराळं, आणि तो माणसाच्या पेशीत शिरतो का, हे तर त्याहून पुढचं.

कोरोनाविषाणूंचे चार गट : अल्फा आणि बीटा मुख्यतः सस्तन प्राण्यांत, गॅमा आणि डेल्टा मुख्यतः पक्ष्यांत. (हा डेल्टा म्हणजे दुसऱ्या लाटेतला डेल्टा नव्हे, हे मला दोनदा विचारावं लागलं.) आणि आमच्या भागातले पोल्ट्रीवाले पिल्लांना जी ‘आयबी’ची (इन्फेक्शियस ब्रॉन्कायटिस, कोंबड्यांचा श्वासाचा आजार) लस देतात, ती कोंबड्यांच्या कोरोनाविषाणूवरचीच! हे सांगितल्यावर गावात निम्मी भीती तिथंच संपली. चुलतभाऊ म्हणाला, “म्हंजे आपण हे कवापासून सांभाळतोय.”

इथं थांबला असतात तर माझं काम झालं होतं. तुम्ही थांबला नाहीत. डुकरांतला एक डेल्टा कोरोनाविषाणू हैतीमधल्या तापाने आजारी तीन मुलांत सापडल्याचं २०२१ मध्ये जाहीर झालं, हे सांगितलंत. तो पेशीत शिरायला अमिनोपेप्टिडेज एन नावाचं प्रथिन वापरतो, आणि ते डुकरांत, कोंबड्यांत, माणसांतही असतं. शिवाय पट्टकादंबाचा खरा इतिहास बर्ड फ्लूचा : २००५ मध्ये चिंगहाई सरोवरावर एच५एन१ या बर्ड फ्लूच्या विषाणूने ६,००० च्या आसपास पक्षी मेले, त्यांत पट्टकादंब पुष्कळ. हिमालय ओलांडताना ७,००० मीटरच्या वर गेल्याची नोंद असलेला पक्षी! त्याच्याबद्दल असलं ऐकून मी जरा चिडलोच होतो तुमच्यावर.

पण तेच सगळं, काहीही न गाळता, मी पाहुण्यांना पाठवलं. होडी पक्ष्यांच्या थव्यात घालायची नाही, मेलेला पक्षी हातात घ्यायचा नाही, एका जागी बरेच मेलेले दिसले तर वनखात्याला आणि पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवायचं, किनाऱ्यावरच्या घाणीतून आलेल्या चपला धुवायच्या, तिकडून थेट कोंबड्यांच्या खुराड्यात जायचं नाही. रद्द केलेल्यांपैकी बरेच जण परत आले. एक काका म्हणाले, “धोका कुठं आहे ते सांगितलंत, म्हणून आलो.” नुसतं ‘घाबरू नका’ पाठवलं असतं तर ते आले असते, असं मला वाटत नाही.

तुम्ही नोकरी सांभाळून, रात्री जेवण झाल्यावर, एका होडीवाल्याच्या शंकांना उत्तरं देत बसलात. एकदाही ‘हे तुम्हाला कळणार नाही’ म्हणाला नाहीत. मोठमोठ्या माणसांकडून हे वाक्य आम्ही फार ऐकलंय.

पट्टकादंब उतरले की फोन करतो. भाडं घेणार नाही, हे आत्ताच सांगून ठेवतो. मागच्या वेळी पैसे गुपचूप फळीखाली ठेवून गेलात, ते बायकोला सापडले आणि बोलणी मला बसली.

आपला,
कुंभारगावचा एक नावाडी