लपंडावाची नावे आणि त्यांमागचे डाव

महाल, नागपूर

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

भाचरांसाठी तू जुन्या खेळांची वही करतो आहेस, हे वाचून फार आनंद झाला. लपाछपी, लपंडाव, रेसटीप आणि डबा ऐसपैस ही सारी नावे एकाच ओळीत लिहून मोकळे व्हावे का, असे तू विचारले आहेस. माझे आग्रहाचे म्हणणे असे की तसे करू नकोस, कारण यांतल्या काही नावांमागे निराळा डाव आहे आणि नाव गाळले की तो डावही वहीतून जाईल.

लपाछपी आणि लपंडाव यांत मला फरक दिसत नाही. आमच्या गल्लीत त्यालाच रेसटीप म्हणत, आणि राज्य घेण्याऐवजी ‘दाम देणे’ हा शब्द होता. रेसटीप हेच नाव रायपूरकडची मुलेही वापरतात. १९५६ पर्यंत नागपूर आणि रायपूर एकाच राज्यात होते व राजधानी आपली होती, त्यामुळे या सारखेपणाचे मला नवल वाटत नाही.

डबा ऐसपैस मात्र स्वतंत्र पानावर घे. एकाने डबा लांब भिरकवायचा, राज्य असलेल्याने तो आणून रिंगणात ठेवेपर्यंत बाकीच्यांनी लपायचे, आणि दिसलेल्या गड्याचे नाव पुकारून डब्यावर पाय आपटला की तो बाद. परंतु लपलेल्यांपैकी कोणी धावत येऊन डबा उडवला, तर बाद झालेले सगळे सुटतात आणि राज्य पुन्हा त्याच्याच माथी बसते. आमचा डबा वनस्पती तुपाचा होता. त्यात चार खडे घातलेले असत, म्हणून तो उडाला की वाड्याच्या मागच्या न्हाणीत लपलेल्यालाही सुटका झाल्याचे कळे. सदरे बदलून, खांबाआडून नुसती बाही दाखवून चुकीचे नाव घ्यायला लावणे आणि मग ‘भांडे फुटले’ म्हणून एकच गिल्ला करणे, ही यातली सर्वांत रंगतदार युक्ती. ती अवश्य लिही.

आंधळी कोशिंबीर यात घालू नकोस, तिथे कोणी लपत नाही. उलट भागवताच्या दशम स्कंधातली ‘निलायन क्रीडा’, म्हणजे लपण्याचा खेळ, जरूर घे. तिच्यात काही गोपाळ मेंढ्या होतात, काही राखणदार आणि काही चोर. व्योमासुर गोपाळाच्या रूपाने चोर होऊन शिरतो आणि मेंढ्या झालेल्या मुलांना गुहेत कोंडून ठेवतो. चोर-राखणदारांचा हा डाव आजही मुलांना सहज खेळता येईल.

तुमच्या सांगलीकडे भांडे फुटल्यावर बाद गडी सुटत की नुसते राज्य पुन्हा येई, ते कळव. आईंना साष्टांग नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
विनायक