प्रयोगशाळेतल्या मामांना

आदरणीय मामा,

सा. न. वि. वि.

तुमच्या निरोप समारंभात सगळे तुमच्या शिस्तीबद्दल आणि लखलखीत कपाटांबद्दल भरभरून बोलले. मला जे सांगायचं होतं त्याला फळा आणि बराच वेळ लागला असता, म्हणून ते राहून गेलं. ते आज सगळ्यांसमोर लिहिते आहे.

आता मी अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवते. परिपथातल्या ऊर्जेची गणितं आली की तुमचीच पद्धत वापरते. आधी कोणी किती ऊर्जा दिली ते लिहायचं, मग ती कुठे किती गेली ते लिहायचं, आणि ताळा जुळल्याशिवाय वही मिटायची नाही.

तुमची ती मांडणी मला पाठ आहे. 12 व्होल्टची बॅटरी, तिचा अंतर्गत रोध, म्हणजे तिच्या आतच धारेला होणारा अडथळा, अर्धा ओहम आणि बाहेर साडेपाच ओहमची निक्रोमची तार. बल्ब तुम्ही मुद्दाम टाळायचात, कारण तापला की त्याचा रोध वाढतो आणि आकडे हलतात. धारा 2 अँपिअर. बॅटरी सेकंदाला 24 ज्यूल देते, तारेत 22 जातात. मग उरलेले 2 कुठे गेले? गणितात बहुधा ‘अंतर्गत रोध नगण्य माना’ असं लिहून हा प्रश्न उडवलेला असतो. तुम्ही व्होल्टमीटर बॅटरीच्या टोकांना लावून कळ दाबायचात आणि काटा 12 वरून 11 वर यायचा. “तो एक व्होल्ट बॅटरीच्या पोटातच खर्ची पडला,” म्हणायचात. एक व्होल्ट गुणिले दोन अँपिअर, झाले 2 वॅट.

एवढ्यावर तुम्ही थांबत नव्हतात. तीच तार कॅलरीमीटरमधल्या, म्हणजे उष्णता मोजायच्या तांब्याच्या भांड्यातल्या, 200 ग्रॅम पाण्यात बुडवून पाच मिनिटं धारा सोडायची. तारेतून 6600 ज्यूल उष्णता मिळते, म्हणजे पाणी जवळजवळ 8 अंशांनी तापायला हवं. थर्मामीटर थोडा अलीकडेच थांबायचा. आम्ही ‘प्रायोगिक त्रुटी’ लिहून मोकळे व्हायला निघालो की तुम्ही विचारायचात, तांब्याचं भांडं किती तापलं? ढवळणी? हवेत किती गेलं? शास्त्रज्ञ ज्यूलनेही पाण्यात तार बुडवून, तापमान मोजूनच 1841 मध्ये धारेच्या वर्गाचा नियम (धारा दुप्पट झाली की उष्णता चौपट) मांडला होता, हे कळलं तेव्हा मला तुमचीच आठवण झाली.

सगळ्यात मोठं ऋण मात्र चार्जिंगच्या गणिताचं आहे. 14 व्होल्टचा चार्जर, 12 व्होल्टची बॅटरी, एकूण रोध एक ओहम. दोन्हींतला फरक 2 व्होल्ट, म्हणून धारा 2 अँपिअर, चार्जर देतो 28 वॅट. त्यातले 4 वॅट उष्णतेत जातात आणि 24 वॅट बॅटरीत रासायनिक ऊर्जा होऊन साठतात. इथे बॅटरी घेणारी आहे. धारा तिच्या धन टोकातून आत शिरते, एवढं पाहिलं की देणारा कोण आणि घेणारा कोण ते कळतं. मुलं हमखास इथे अडतात. दिलेली सगळी ऊर्जा उष्णताच होते असं त्यांना वाटत असतं, आणि सूत्रं कितीही घोकली तरी ती समजूत जात नाही. तुमचे ‘दिली’, ‘साठली’, ‘उडाली’ असे तीन रकाने आखले की जाते.

त्याच रकान्यांत मी आता कपॅसिटर, म्हणजे विद्युतभार साठवणारा घटक, बसवते. 1000 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर 10 व्होल्टला भरला, तर बॅटरी 0.1 ज्यूल देते, साठतात 0.05. उरलेले 0.05 रोधकात उडतात, मग रोधक 100 ओहमचा असो की 10 हजारांचा. रोधक मोठा घेतला की वेळ तेवढा जास्त लागतो, निम्मा वाटा काही सुटत नाही. हे पाहून वर्गात दरवर्षी कुणीतरी “असं कसं?” म्हणून उठतंच, आणि तो तास मला फार आवडतो.

तुमच्या नावापुढे पदवी नव्हती, म्हणून प्रात्यक्षिकाच्या वहीत कधी तुमची सही आली नाही. माझं सर्किटचं सगळं शिक्षण तुमच्या टेबलापाशी झालं. त्याबद्दल मनापासून आभार, मामा. जानेवारीत आमच्या प्रयोगशाळेत नवी मांडणी लागते आहे. तुम्ही यावं आणि मुलांना प्रश्न विचारावेत, ही विनंती.

आपली विद्यार्थिनी