युवा नेतृत्वाला शिबिर नको, वर्षभराचे काम द्या

संपादक महोदय,

हवामानबदल, साथीचे आजार, स्थलांतर अशा प्रश्नांसाठी ‘तरुण नेतृत्व घडवू’ म्हणत जगभर शिबिरे भरतात. दोन-तीन दिवस भाषणे, गटचर्चा, शेवटी प्रमाणपत्र आणि समूहछायाचित्र; मग थोड्याच दिवसांत गटाची पांगापांग होते. उत्साह कमी पडतो असे नाही, आखणीच चुकते. तरुणांना बोलायला शिकवतात. निर्णय कुठे होतो आणि कुठे अडतो हे दाखवत नाहीत.

ते कळले की काय घडते, हे प्रशांत महासागरातील बेटांवर दिसले. २०१९ मध्ये साउथ पॅसिफिक विद्यापीठात कायदा शिकणाऱ्या २७ विद्यार्थ्यांनी एकच मागणी धरली: हवामानबदलाबाबत देशांची कायदेशीर जबाबदारी काय, हे आंतरराष्ट्रीय न्यायालयाने सांगावे. असे मत मागण्याचा अधिकार विद्यार्थ्यांना नव्हता. तो संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेला होता आणि तिथे ठराव मांडायला एखादा देश हवा होता. त्यांनी प्रशांतातील सरकारांना पत्रे लिहिली, वानुआतू या तिथल्याच छोट्या बेटराष्ट्राने विषय उचलून धरला. २९ मार्च २०२३ रोजी ठराव सर्वसहमतीने संमत झाला आणि २३ जुलै २०२५ रोजी न्यायालयाने आपले मत दिले. एका मागणीला सहा वर्षे लागली.

म्हणून गट १२ ते १५ जणांचाच असावा, मुदत किमान वर्षाची, परीक्षेचे दिवस सोडून आठवड्याला दोन तास. पहिले तीन महिने प्रश्न नेमका करण्यातच जाऊ द्यावेत. ‘हवामानबदल’ हा विषय झाला. ‘पुराचा इशारा नदीकाठच्या शेवटच्या घरापर्यंत का पोहोचत नाही’ हे काम झाले. आता एका कागदावर चार रकाने आखावेत: निर्णय कोणाचा, तो कधी होतो, पैसा कुठून येतो, विरोध कोणाचा. रकाने भरू लागले की अडचण दिसते. इशारा एका खात्याकडून निघतो, भोंगा वाजवण्याचा अधिकार दुसऱ्याच कार्यालयाकडे. भोंग्याच्या बॅटरीची तरतूद कोणाकडेच नाही. आणि इशारा खोटा ठरला तर बोल कोणाला लागेल, या धास्तीने आदेश रखडतो. सर्वाधिक गट फसतात ते दुसऱ्या रकान्यात. अंदाजपत्रक मंजूर झाल्यावर निवेदन दिले की वर्ष गेलेच समजा.

गटाच्या हाती थोडा का होईना, खरा निधी द्यावा आणि हिशेब त्यांनाच लिहू द्यावा. पाच-सहा जणांमागे एक अनुभवी मार्गदर्शक पुरतो. पण काम अडले की स्वतःच फोन फिरवून ते मार्गी लावणारा मार्गदर्शक गटाला पांगळे करतो.

निवडीतही घोळ असतो. वक्तृत्वावर निवड केली की सगळे बोलणारेच जमतात. आकडे तपासणारा, टिपणे नीट ठेवणारा, संतापलेल्या माणसाचे शांतपणे ऐकून घेणारा बाहेरच राहतो. ‘आधी खर्च करा, बिले नंतर द्या’ हा नियम गरीब घरच्या मुलामुलींना न सांगता वगळतो; प्रवासखर्च आगाऊच द्यायला हवा. समन्वयक दर तीन महिन्यांनी बदलावा, नाहीतर एकच चेहरा पुढे येतो आणि तो थकला की गट संपतो.

एवढे करूनही तरुणांना बैठकीत शोभेपुरते बसवले तर काय उपयोग? मुलांच्या सहभागाचे अभ्यासक रॉजर हार्ट यांनी १९९२ मध्ये युनिसेफसाठी सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. खालच्या तीन पायऱ्या, म्हणजे वापरून घेणे, शोभेला ठेवणे आणि नावापुरते स्थान देणे, ते सहभाग मानतच नाहीत. सुरक्षा परिषदेच्या २०१५ च्या २२५० क्रमांकाच्या ठरावानेही, संघर्ष टाळण्याच्या आणि मिटवण्याच्या कामात, निर्णयाच्या सर्व स्तरांवर तरुणांचे प्रतिनिधित्व वाढवण्याचे मार्ग शोधा, असे देशांना सांगितले आहे. ओळखायची खूण सोपी आहे: विषयपत्रिका त्यांना बैठकीच्या किती दिवस आधी मिळते, तिच्यात ते विषय घालू शकतात का, आणि मतदानात त्यांचा हात मोजला जातो का?

अशा कार्यक्रमांना पैसा देणाऱ्या संस्थांनी अहवालात प्रमाणपत्रांची संख्या मागू नये. कार्यक्रम संपल्यावर सहा महिन्यांनी किती जण कामात टिकले आहेत, कोणत्या कार्यालयाचा कोणता निर्णय बदलला आणि बदलला नसेल तर कोणत्या रकान्यात अडला, एवढे लेखी मागावे. पुढचा हप्ता त्यानंतरच द्यावा.

— युवक प्रशिक्षणात काम करणारे काही कार्यकर्ते