'ओपन द लाइट'ला हसण्याआधी

महोदय,

चिनी माणसांच्या इंग्रजीची टिंगल करणारं स्फुट आपल्या रविवारच्या अंकात वाचलं. 'ओपन द लाइट' वाचून हसू येणारच. पण मुलाच्या नोकरीमुळे मी काही काळ शांघायला राहिले, तिथल्या शेजारणींना इंग्रजी बोलायला शिकवलं, म्हणून ही चूक कुठून येते ते कळवते.

चिनीत 'खाय' असं क्रियापद आहे (आपल्या खाण्याशी त्याचा संबंध नाही). मूळ अर्थ उघडणे. जुन्या लिपीत त्या अक्षरात दाराची दोन कवाडंही दिसतात. पण चिनी माणूस दिवा लावतो तोही 'खाय', गाडी चालवतो तोही 'खाय'. मीटिंग घेतली, फूल उमललं, डॉक्टरने औषध लिहून दिलं, पाणी उकळलं, सगळीकडे तेच. एकदा एका शेजारणीचा वीचॅटवर (हे तिथलं व्हॉट्सॲपसारखं ॲप) निरोप आला: "टीचर, टुडे आय ओपन मीटिंग, नॉट कम." ऑफिसात मीटिंग होती, म्हणून बाई येणार नव्हत्या, एवढंच!

बरं, दुकान, बँकेतलं खातं, खिडकी यांना इंग्रजीतही 'ओपन'च चालतं. अर्धं जुळतं, म्हणून तर माणूस बेसावध राहतो. मग मी अर्थ सांगणंच सोडलं. स्वयंपाकघरात उभं करून बटण दाबायला लावायचे आणि 'टर्न ऑन द लाइट' म्हणून घ्यायचे, नळ सोडला की 'टर्न ऑन द टॅप'. फ्रिजपाशी मात्र 'ओपन', कारण तिथे दार असतं. गाडीचंही दार 'ओपन', गाडी 'ड्राइव्ह'. हे त्यांना पटकन जमलं. भूतकाळ मात्र शेवटपर्यंत जमला नाही, कारण चिनी क्रियापद काळाप्रमाणे रूप बदलतच नाही.

चीनमध्ये 2001 पासून शाळांत तिसरीपासून इंग्रजी आलं. कॉलेजप्रवेशाच्या 'गाओखाओ' परीक्षेत साधारणपणे 750 पैकी 150 गुण इंग्रजीचे. त्यामुळे शब्दांच्या याद्या घोकल्या जातात: डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे एक चिनी अर्थ.

आपण तरी काय वेगळं करतो? महाराष्ट्रात 2000 पासून पहिलीपासून इंग्रजी आहे, आणि आपली मुलं बिनदिक्कत 'क्लोज द फॅन' म्हणतात. आपण दार लावतो तेव्हा ते बंद होतं आणि दिवा लावतो तेव्हा तो पेटतो; हे एखाद्या चिनी विद्यार्थ्याला समजावून पाहा, मग हसा.

शाळांमधल्या शिक्षकांना एक विनंती. वहीत 'टर्न ऑन'समोर नुसतं 'सुरू करणे' लिहून देऊ नका. नळ, पंखा, गॅस, टीव्ही असं लिहून घ्या आणि शेजारी 'ओपन'खाली दार, डबा, पुस्तक, छत्री.

– एक निवृत्त शिक्षिका, सांगली